गाडीचे तोंड कोणाकडे

वाहन उभे करायच्या जागेत काही चालक गाडी सरळ घालतात, आणि काही जण आधी थोडे पुढे जाऊन, मान वळवून, ती मागे मागे घेत आत शिरवतात. हे दुसऱ्या प्रकारचे चालक असे का करतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी हाती घ्यावा असा वरकरणी तरी वाटत नाही. पण या प्रश्नाला जी उत्तरे सर्रास दिली जातात ती ऐकली की आम्हांला आमचाच वर्ग आठवतो. गाडी उलटी लावणारा दूरदृष्टीचा, संयमी, निघण्याच्या वेळेचा आधीच विचार करून ठेवणारा; सरळ घालणारा उतावळा, आजचा त्रास उद्यावर ढकलणारा. हे अर्थनिर्णयन आहे, आणि ते एका कृतीवरून स्वभावाकडे, स्वभावावरून समाजाकडे व तिथून थेट राष्ट्राकडे चढत जाते. कादंबरीतील पात्राने दाराला दोनदा कडी लावली की ‘यातून त्याची असुरक्षितता प्रतीत होते’ असे उत्तरपत्रिकेत लिहून टाकणारा विद्यार्थी ज्या वाटेने जातो तीच ही वाट. ती आम्हांला चुकीची वाटते. आणि ती नेमकी कुठे चुकते हे पाहायला महानगरातील बहुमजली वाहनतळापेक्षा भडगावसारखे गाव अधिक उपयोगी पडते.

राष्ट्रापर्यंत जाण्याची गोष्ट आम्ही पदरची घातलेली नाही. अमेरिकेतील ओल्ड डोमिनियन विद्यापीठातले प्राध्यापक शाओमिन ली यांचा एक अभ्यास २०१४ च्या सुमारास बराच गाजला. चीन, तैवान, भारत, ब्राझील, रशिया आणि अमेरिका येथे उभ्या गाड्यांपैकी किती उलट्या लावलेल्या आहेत हे त्यात मोजले होते. चीनमध्ये असे प्रमाण फार मोठे निघाले, अमेरिकेत अगदीच थोडे. आणि हे प्रमाण देशाच्या उत्पादकतेच्या वाढीशी जोडून दाखवण्यात आले. त्यामागची कल्पना अशी की, आल्या आल्या थोडा त्रास सोसून नंतरची सोय करून ठेवणे ही तृप्ती लांबणीवर टाकण्याची सवय आहे, आणि ज्या समाजाला ही सवय असते तो पुढे जातो.

या कल्पनेचे मूळ सर्वपरिचित आहे. वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या आसपास स्टॅनफर्ड येथे लहान मुलांपुढे खाऊ ठेवून, ‘आत्ता एक, थांबलास तर दोन’ असा सौदा मांडला होता. थांबणारी मुले पुढे आयुष्यात सरस ठरतात असा त्याचा अर्थ कित्येक वर्षे सांगितला गेला. २०१८ साली अधिक मोठ्या आणि अधिक संमिश्र मुलांच्या गटावर याची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर आणखीच क्षीण. ज्याच्या घरी उद्या खाऊ मिळण्याची खात्री आहे तो आज थांबू शकतो, इतकी ही साधी गोष्ट. गाडीच्या बाबतीत असे काही आहे का, हे पाहण्यापूर्वी गाडी नावाच्या वस्तूकडे एकदा पाहणे भाग आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण तिच्या अर्थाबद्दल बोलतात आणि तिच्या चाकांबद्दल गप्प बसतात.

मोटारीची वळणारी चाके पुढे असतात. मागची चाके फक्त मागून येतात. त्यामुळे वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेवरून जात नाही, ते आतून वाट कापते. नवशिक्या चालकाच्या गाडीचा मागचा भाग कोपऱ्यावरच्या ओट्याला घासतो तो याचमुळे. अरुंद जागेत सरळ शिरायचे म्हटले की गाडीचे तोंड आत जाते, पण मागचा भाग शेजारच्या गाडीवर येतो. तो टाळण्यासाठी समोर रुंद मोकळी वाट लागते. उलटे शिरताना प्रकार बदलतो. न वळणारा भाग आधी जागेत जातो, आणि वळणारा भाग बाहेर मोकळ्यावर राहून त्याला दिशा देतो. नावेचे सुकाणू मागे असते; उलटी चालणारी मोटार ही काही क्षण नावेसारखीच होते. म्हणून जिथे जागा चिंचोळ्या आणि वाटा अरुंद, तिथे उलटे शिरणे हा पुष्कळदा एकमेव सुटसुटीत मार्ग असतो. अमेरिकेत वाहनतळाच्या वाटा रुंद, जागा ऐसपैस, आणि खरेदीचे सामान भरायची डिकी वाटेकडे असलेली सोयीची. तिथे माणसे तोंड आत घालून मोकळी होतात यात नवल नाही. शिवाय तिथल्या काही राज्यांत गाडीला क्रमांकाची पाटी फक्त मागे असते, आणि तो क्रमांक वाटेवरून वाचता यावा म्हणून काही वाहनतळांत उलटी गाडी लावायलाच मनाई असते. अशा ठिकाणी मोजणी करून संयमाचे प्रमाण काढणे म्हणजे, पुस्तकाचा आकार पाहून लेखकाची उंची सांगण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गाडी एकदा मागे घ्यावी लागणे हे दोघांच्याही नशिबी आहेच. फरक एवढाच की एक जण येताना घेतो, दुसरा जाताना. येताना आपण ज्या रिकाम्या जागेत मागे जातो ती नुकतीच डोळ्यांखालून गेलेली असते. जाताना आपण मागे जातो ते चालत्या रस्त्यावर, जिथे सायकल, पोर, शेळी, काहीही असू शकते. हा सुरक्षिततेचा मुद्दा बिनतोड आहे, आणि तेलशुद्धीकरणाच्या वा रसायनांच्या कारखान्यांत ‘गाडी बाहेर तोंड करून लावा’ अशा पाट्या असतात त्याही याचसाठी. पण बिनतोड मुद्दा माहीत असूनही माणसे तसे वागत नाहीत, आणि माहीत नसूनही काही जण तसे वागतात. तेव्हा प्रश्न उरतोच.

आता भडगाव. गिरणेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. लोहमार्ग गावात येत नाही, तो तालुक्यातील कजगाववरून जातो. त्यामुळे भडगावचे येणेजाणे मुख्यतः रस्त्याचे आहे, आणि चाळीसगाव-पाचोरा हा वाहता रस्ता गावाला लागून आहे. येथे ‘वाहनतळ’ या शब्दाला मिळतीजुळती वस्तू शोधूनच काढावी लागेल. आखलेल्या पांढऱ्या रेषा नाहीत. दुकानापुढची मोकळी जागा, डांबराच्या कडेची मातीची पट्टी, शाळेच्या भिंतीची सावली, हेच गाडी लावायचे ठिकाण. आणि लावल्या जाणाऱ्या गाड्यांत मोटारी कमी, दुचाक्याच फार.

या विषयावरील परदेशी लिखाणात दुचाकीचा मागमूस नसतो, हे आम्हांला मोठे उणे वाटते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना मागे जाण्याचा गिअर नसतो. ती मागे न्यायची तर माणसाने दोन्ही पाय टेकवून, बुडाखालचे वजन रेटत न्यायची. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, कारण पावसाचे पाणी वाहून जायला हवे. चहाच्या टपरीपुढे ज्याने उतारावर सरळ तोंड घालून मोटारसायकल उभी केली, त्याला निघताना ती चढावर मागे ओढावी लागते. मागे दुधाचे दोन कॅन लटकलेले असले तर तो त्या दिवशी शहाणा होतो. दुसऱ्या दिवसापासून तो मोटारसायकल रस्त्यावरच वळवतो आणि उताराच्या मदतीने मागे सोडतो. भडगावात टपऱ्यांपुढे रस्त्याकडे तोंड करून ओळीने उभ्या असलेल्या दुचाक्या दिसतात, त्यांना एकत्रितपणे ‘दूरदृष्टी’ म्हणायचे असेल तर आमची हरकत नाही. पण ही दृष्टी त्यांना कमरेने दिलेली आहे.

त्याहून जुनी एक वहिवाट येथे आहे. बैलगाडी कशी उभी करतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना उलट्या पार्किंगचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. बैल सोडल्यावर गाडी माणसे हातांनी मागे सारून छपराखाली किंवा भिंतीकडेला लावतात, धुरा आणि जू बाहेरच्या बाजूला राहील अशी. दुसरी पद्धत संभवतच नाही, कारण सकाळी बैल जुंपायचे ते जुवाला, आणि जू भिंतीकडे गेले तर बैल उभे कुठे करणार? दमणी असो, छकडा असो की ओझ्याची मोठी गाडी असो, खानदेशात गाडीचे तोंड पिढ्यानपिढ्या बाहेरच राहिले आहे. जुन्या खटल्याच्या घरात ज्याने लहानपणी गाडी सारायला हात लावला आणि थोरपणी ट्रॅक्टर, मग जीप घेतली, त्याने जीपही तशीच लावली. त्याला कोणी शिस्त शिकवलेली नव्हती. वाहन मुक्कामाला कसे असावे याचे एक चित्र त्याच्या हातांत होते. असा वारसा कोणत्याही मोजणीत उतरत नाही. ‘धुरा वाहणे’ हा शब्दप्रयोग आपण भाषणांत इतका झिजवला आहे की धुरा ही खरोखरची एक लाकडी वस्तू आहे, आणि तिला रात्री ठेवण्याची एक दिशा असते, हेच विसरायला झाले आहे.

ओझ्याच्या वाहनांचा न्याय वेगळा. केळीचा ट्रक शेताच्या कडेला घडांच्या ढिगाकडे पाठ करून उभा राहतो, कारण फाळका मागे असतो. कृषी केंद्रापुढे खताची पोती घ्यायला आलेली गाडी दुकानाकडे पाठ करते ती त्याचसाठी. जिनिंगच्या आवारात कपाशीची ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टरचालक पाहणे हा तर आमच्या मते तालुक्यातील प्रेक्षणीय प्रकार आहे. दोन चाकांची ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावे लागते, आणि ती वळू लागली की लगेच तिच्यामागे जावे लागते, नाहीतर ट्रॉली व ट्रॅक्टर कात्रीसारखे मिटतात. चार चाकांची ट्रॉली असेल तर भलेभले हात टेकतात आणि ती सुटी करून माणसे लावून रेटतात. हे कसब असलेल्या तरुणाला गावात मान असतो, पण ते कसब म्हणून. त्यातून त्याचा संयम कोणी काढत नाही, कारण सगळ्यांना तो ओळखीचा असतो.

ग्रामीण रुग्णालयाची रुग्णवाहिका हे या साऱ्याचे निर्विवाद टोक. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून ही गाडी खेड्यापाड्यांत ओळखीची झाली आहे. तिचे मागचे दार रुग्णालयाच्या दाराला आणि तोंड रस्त्याला. रुग्ण उतरवणे आणि पुन्हा निघणे या दोन्ही निकडी एकाच दिशेने बोलतात. इथे स्वभावाचा प्रश्नही कोणाच्या मनात येत नाही. पण मग तोच प्रश्न खासगी मोटारीपाशी का येतो? आमच्या मते याचे उत्तर असे की, रुग्णवाहिकेचे काम आपल्याला दिसते. जिथे काम दिसत नाही तिथे आपण स्वभाव भरतो.

एसटीकडे पाहिले म्हणजे हे अधिक उघड होते, आणि येथे थोडे रेंगाळायला हवे. महाराष्ट्रातील बहुतेक बसस्थानकांत बस फलाटाला तोंड लावून उभी राहते. म्हणजे ती निघताना मागे येते, गर्दीत मागे येते, आणि तिला मागे घेण्यासाठी वाहक खाली उतरून शिट्टी वाजवतो किंवा गाडीच्या पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत राहतो. एक घंटा थांबण्याची, दोन घंटा निघण्याची, हे राज्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. मागे येण्याची भाषा मात्र घंटेची नाही, ती शिट्टीची आणि हाताची आहे. वरच्या सिद्धान्ताप्रमाणे पाहिले तर ही संपूर्ण व्यवस्था अदूरदर्शी ठरावी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून आजवर, हजारो चालक, दिवसातून कित्येकदा, आजचा त्रास नंतरवर ढकलत आहेत!

खरे कारण फलाटावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आहे. तिला बसची पाटी वाचायची असते, आणि पाटी बसच्या कपाळावर असते. पाचोऱ्याची की चाळीसगावची, साधी की जलद, व्हाया कुठून, हे कळायचे तर बसने तिच्याकडे तोंड करूनच उभे राहायला हवे. ज्याला वाचता येत नाही तोही समोर आलेल्या चालकाला हात करून विचारू शकतो. बसने पाठ करून उभे राहायचे ठरवले तर चालकाचे निघणे सोपे होईल आणि दोनशे माणसांना वळसा घालून पाटी पाहायला धावावे लागेल. म्हणून एसटी आपले निघणे अवघड करून घेते. आलेल्या माणसाला आपले नाव वाचता यावे यासाठी जी तोंड दाखवून उभी राहते, तिला उतावळी म्हणणारा सिद्धान्त आम्हांला तरी उपयोगाचा वाटत नाही. खासगी मोटार रस्त्याकडे पाहत उभी असते आणि एसटी माणसांकडे पाहत. दोन्ही आपापल्या कामाला धरून आहेत.

स्थानकाबाहेरच्या काळी-पिवळ्या मात्र हटकून रस्त्याकडे तोंड करून असतात. त्यांना पाटीची गरज नाही, त्यांची पाटी म्हणजे गाव ओरडणारा माणूस. आणि शेवटची जागा भरली की त्या क्षणी निघणे हेच त्यांचे उत्पन्न. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा दीर्घ संप चालला तेव्हा ग्रामीण महाराष्ट्राला अशाच गाड्यांवर विसंबावे लागले होते. एकाच गावातली, शेजारी शेजारी उभी असलेली ही दोन वाहने विरुद्ध दिशांना तोंड करून असतात, आणि दोन्हींचे चालक बऱ्याचदा एकाच आळीतले असतात. राष्ट्रीय स्वभावाने या दोघांचे काय करावे?

पण आमच्या मुख्य तक्रारीचे स्थळ अजून आलेले नाही. लग्नसराईत तालुक्याच्या गावातील एखाद्या मंगल कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या मोटारी पाहाव्यात. ज्या स्वतः मालकाने चालवत आणल्या त्यांतील पुष्कळशा सरळ घातलेल्या असतात. मुहूर्त गाठायचा असतो, अक्षता पडायच्या आत पोचायचे असते. ज्या गाड्यांना पगारी किंवा भाड्याचा चालक आहे त्या बहुधा बाहेर तोंड करून, पुसून, आरसे नीट करून उभ्या. याचा अर्थ पगारी चालकाला मालकापेक्षा दूरदृष्टी अधिक असा लावता येईल, आणि तो आम्हांला आवडेलही. पण गोष्ट तशी नाही. मालकाला दारात सोडल्यावर चालकाला करायला दुसरे काही नसते. गाडी मागे घेत, पुन्हा पुढे घेत, हवी तशी लावायला त्याच्यापाशी हवा तेवढा वेळ आहे, कारण तो वेळ विकलेला आहे. आणि निघायचे केव्हा हे त्याला माहीत नसते. जेवणे झाल्यावर निघू असे सांगून गेलेले साहेब पहिल्या पंगतीलाच उठून फोन करतील, किंवा चारपर्यंत गप्पा मारत बसतील. फोन आला की दोन मिनिटांत गाडी दारात हवी. त्या दोन मिनिटांची धास्ती म्हणजे ते बाहेर वळलेले तोंड.

येथे तृप्ती लांबणीवर टाकलेली नाही. ती दुसऱ्याची आहे. त्रास चालकाचा, सोय साहेबांची. उभी गाडी पाहून हे कळत नाही, उभ्या शंभर गाड्या मोजूनही कळत नाही. ज्या समाजात गाडीत मागे बसणारे आणि पुढे बसणारे असे दोन वर्ग आहेत, तिथे उलट्या गाड्यांचे प्रमाण संयमाचे माप ठरेल की ताबेदारीचे, हे ठरवायला गाडीच्या काचेतून आत पाहावे लागते. आपल्या भाषेत याला साधा शब्द आहे, ‘हुकमी’. हुकमी माणूस सदैव निघायच्या तयारीत असतो. ती तयारी त्याच्या अंगवळणी पडते, पुढे तो स्वतःच्या मोपेडलाही तसेच लावतो, आणि मग आपण म्हणतो, पाहा, किती व्यवस्थित माणूस आहे! सवयीला स्वभाव म्हणून टाकले की ती कोणी लावली हे विचारायचे राहून जाते.

साहित्याचा संबंध इथे येतो. रोलाँ बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ या १९५७ च्या पुस्तकात सिट्रोएन कंपनीच्या नव्या मोटारीवर एक टिपण लिहिले आहे, आणि आपल्याकडे चिन्हमीमांसा शिकवताना ते हमखास पुढे येते. मोटारींची तुलना गॉथिक कॅथीड्रलांशी करणारे, प्रदर्शनातील गाडीला लोक कसे हात लावून पाहतात हे टिपणारे ते लिखाण देखणे आहे, यात शंका नाही. पण तिथली गाडी प्रदर्शनात उभी आहे. ती तिथे कोणी आणून लावली, याचा विचार त्यात नाही, आणि त्या टिपणाला तो नकोही होता. अडचण होते ती आपल्याकडे. त्या टिपणाच्या चालीवर आपण एखादी वस्तू, एखादी सवय, एखादा पोशाख उचलतो, त्याला चिन्ह म्हणतो आणि अर्थ काढायला बसतो. त्या वस्तूपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी कोणाची हाक येणार होती हे विचारत नाही. ग्रामीण कादंबरीतील सालदार रात्री पायांत वहाणा घालूनच ओसरीवर आडवा होतो, असे कुठे आले तर त्यावर ‘अस्वस्थ मनोवृत्ती’ असे लिहून गुण मिळतात. रात्री पाण्याची पाळी येणार होती, हे लिहिणाऱ्याला मिळायला हवेत ते गुण.

याला भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठीत मागे जाण्याला चांगले नाव नाही. माघार, पीछेहाट, मागासलेपण, पाऊल मागे घेणे, शब्द मागे घेणे, यांतून मागची दिशा जवळजवळ बदनामच झालेली आहे. ‘सिंहावलोकन’ हा एक भारदस्त अपवाद. पण त्यातही सिंह फक्त मान वळवतो, चालतो तो पुढेच. खानदेशातल्याच सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याहून गावी परततो, तेव्हा त्या परतण्यात पराभव वाचणाऱ्यांना या शब्दांनी केवढी मदत केली असेल! गाव ही मागची दिशा आणि शहर ही पुढची, हे एकदा ठरले की परतणाऱ्याचे तोंड कुठे होते हे पाहण्याची गरज राहत नाही. गाडी मागे घेऊन लावणारा चालक मात्र रोज दाखवत असतो की मागे जाणे आणि माघार घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. (येथे कोणाला गनिमी काव्याची आठवण होईल. ती त्यांनी खुशाल काढावी. आम्हांला मंगल कार्यालयाबाहेरच्या चालकावर मावळ्याचा अंगरखा चढवण्याची इच्छा नाही.)

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वाजवी आहे. सगळेच कामावर आणि जागेवर ढकलले तर माणसाच्या स्वभावाला काही जागाच उरत नाही. एकाच रस्त्यावर, एकाच धंद्यातले, एकाच घाईतले दोन शिक्षक आपल्या सारख्याच गाड्या वेगवेगळ्या तोंडाने लावतात त्याचे काय? ते आम्हांला मान्य आहे. काही जण हौसेने उलटी लावतात, काही जण पाहणारे असले तरच. काहींना पूर्वी एकदा अडकून पडल्याची धास्ती असते. मागे घेताना गाडी चित्रपटातील गाण्याची धून वाजवत असे, त्या दिवसांत तर कित्येकांनी केवळ धून ऐकवण्यासाठी गाडी मागे घेतली असावी असा आमचा संशय आहे. स्वभाव आहेच. पण तो शेवटी उरणारा भाग आहे. चाके, उतार, फाळका, पाटी, हाक, हे सारे वजा केल्यावर जे उरेल त्याला स्वभाव म्हणावे. आधीच म्हणून टाकू नये. जपानमध्ये गाडी उलटी लावण्याचा सर्रास प्रघात आहे, आणि तरीही तिथे काही ठिकाणी ‘तोंड आत करून लावा’ अशी विनंती लिहिलेली असते, कारण उलट्या गाडीचा धूर शेजारच्या घराच्या खिडकीत किंवा कुंपणाच्या झाडांवर जातो. म्हणजे तिथे सौजन्याचीच दिशा पालटली.

शिवाय हे कसबही आता चाललेच आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. पुष्कळ गाड्यांत आता पडद्यावर मागचे चित्रही दिसते. मान वळवून, डावा हात शेजारच्या आसनाच्या पाठीवर टाकून, एका डोळ्याने आरशात पाहत मागे येण्याची ती जुनी ऐट पुढच्या पिढीच्या चालकांत दिसेलच असे नाही. उलटे लावणे सोपे झाल्यावर उलट्या गाड्यांची संख्या वाढेल, आणि मग ती मोजून आपण अधिक संयमी झालो असे कोणी सिद्ध करील, याची आम्ही वाट पाहत आहोत.

एसटीच्या काही नव्या गाड्यांवर विजेची पाटी बाजूलाही असते. आता बसने फलाटाकडे तोंड करण्याचे कारण निम्मे तरी संपले म्हणायचे. पण फलाट जुन्याच कोनात बांधलेले आहेत, बाकेही त्याच दिशेला तोंड करून आहेत, आणि बस आली की माणसे अजून तिच्या कपाळाकडेच पाहतात. चालक तिला तशीच आत घेतो. निघताना वाहक खाली उतरतो, मागे जातो आणि शिट्टी तोंडात धरतो.